शेजारच्या खाटेवरची कोळीण

सिझेरियनसाठी मी अलिबागच्या दवाखान्यात दाखल झाले, तेव्हा शेजारच्या खाटेवर थळची एक कोळीण होती. तिचं सिझेरियन आदल्याच दिवशी झालं होतं. टाके ताणले जाऊ नयेत म्हणून ती पोटाशी उशी दाबून हसायची.

माझं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी नर्सने चालायला सांगितलं, तर पाय खाली सोडताच मला रडू आलं. सोबतीला आलेली आत्या म्हणाली, "आमच्या वेळी पोट फाडावं लागत नव्हतं. सगळं आपसूक व्हायचं."

कोळीण उशी सावरत उठली, वाकतच आली आणि तिने माझा दंड धरला.

"मावशी, माझी आय आपसूकच बाळंत झाली, न् त्यातच गेली," ती शांतपणे म्हणाली. "मी तिला कवा बघलीच न्हाय."

आत्या उठली. तिने माझा दुसरा दंड धरला. आम्ही तिघी हळूहळू खिडकीपर्यंत चाललो.