खालच्या काकूंचा आवाज

खिडकीच्या ग्रिलवर उलथनं आपटायचं आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणायचं, "तुमची पोरं तुमच्या घरात." कोपरखैरण्याच्या आमच्या कॉलनीत सुट्टीची दुपार अशी सुरू व्हायची.

उलथन्यावाल्या बाई तळमजल्यावर एकट्या राहायच्या, आम्ही त्यांच्या बरोबर डोक्यावर. मुलं त्यांना खालच्या काकू म्हणायची, आम्ही मोठी माणसं मॅडम. असा शेजार तुम्हीही भोगला असेल. मला त्या आवडत नव्हत्या आणि त्या कॉलनी सोडून गेल्या म्हणून आता आवडायला लागल्या, असंही झालेलं नाही. बॉल गॅलरीत गेला तर तो चिरूनच परत यायचा. बोनकोड्याहून मासळीची पाटी घेऊन येणारी मावशी एकदा वैतागून त्यांना म्हणाली होती, "बाय, तू मावरा घ्याला आलीस का भांडाला?"

मॅडमनी तिचंही मावरं परत पाटीत टाकलं.

त्या करतात काय, हे आम्हाला एका रविवारी कळलं. केबलवर मुलांचा एक इंग्रजी सिनेमा हिंदीत लागला होता. अंतराळातल्या लढायांचे ते गाजलेले सिनेमे आहेत ना, त्यांच्याच घरातला, पण खास टीव्हीसाठी काढलेला. यान कोसळतं, आईवडील हरवतात, आणि एका चिमुरडीला अस्वलासारखे केसाळ बुटके जंगलात सांभाळतात. आमच्या हॉलमध्ये कॉलनीतली सगळी पोरं जमली होती. गलका झाला तशी बेल वाजली. दारात मॅडम.

"आवाज कमी करा."

नेमकी तेव्हाच पडद्यावरची मुलगी हिंदीत म्हणाली, मला घरी जायचंय. माझ्या जुईनं टीव्हीकडे बघितलं, मग दाराकडे.

"आई, ही तीच आहे."

"हो, मीच," मॅडम म्हणाल्या. "आता कमी करा."

पन्नाशी उलटलेली ही बाई अंधेरीच्या एका स्टुडिओत लहान मुलांचे आवाज देत होती. दुसऱ्या दिवशी मुलांनी खिडकीपुढे उभं राहून विनवलं, "काकू, एकदा तसं बोला ना." काकूंनी बादलीभर पाणी ओतलं.

वर्षभरानं त्या पुन्हा आमच्या दारात आल्या.

"तुमची मुलगी हवी आहे."

"कशाला?"

"त्या सिनेमाचा दुसरा भाग करायचाय. स्टुडिओला आता खरं मूल हवंय. माझा आवाज म्हातारा झालाय म्हणे. कॉलनीतल्या सगळ्या पोरांचे आवाज मला पाठ आहेत. तुमची ओरडते तेव्हा तिचा आवाज तेवढा फाटत नाही."

"पण तुम्हाला ती आवडत नाही."

"आवडायचा काय संबंध?"

जुई हट्टाला पेटली म्हणून मी पाठवायला लागले. शाळा सुटल्यावर ती खाली जायची आणि आमच्या फरशीतून वर यायचं, "रडू नकोस, रडल्यासारखं बोल. पुन्हा. पुन्हा." एकदा पोर खरंच रडत वर आली. मी तशीच खाली गेले.

"मॅडम, तिसरीतली मुलगी आहे ती."

"ह्या भागात त्या पोरीचे आईबाप मरतात. ती काय कॉलेजात असते?"

"मी नाही पाठवणार उद्यापासून."

"नका पाठवू," म्हणत त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी जुई दप्तर टाकून, मला न विचारता गेली.

रेकॉर्डिंगला मीही गेले होते. काचेपलीकडच्या अंधाऱ्या खोलीत माझी मुलगी माइकसमोर एकटी. पडद्यावर वस्ती जळत होती, ती चिमुरडी आईला हाका मारत पळत होती आणि जुईच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. दिग्दर्शक खुर्चीत चुळबुळ करायला लागला.

"मॅडम, टाइम नाय आपल्याकडे. हा सीन तुमीच करून टाका ना."

ह्या बाईंना हेच हवं होतं, असं माझ्या मनात आलं. त्या उठल्या, आत गेल्या, माइकसमोर उभ्या राहिल्या. मग काचेकडे बघून म्हणाल्या, "माझा आवाज म्हातारा झालाय, तुम्हीच म्हणालात. आता थांबा."

त्यांनी जुईच्या पाठीवर हात टेकवला. काय सांगितलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. माइक बंद होता. तो चालू झाला आणि जुईनं अशी हाक मारली की मी इकडे अर्धवट उभी राहिले.

येताना बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. शाबासकीसाठी जुई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. गेटपाशी त्या एवढंच म्हणाल्या, "थंड पाणी पिऊ नकोस."

पुढे स्टुडिओचे फोन थेट आमच्याकडे यायला लागले. मॅडमना बोलावणं येईनासं झालं. जुईनं आणखी दोन-तीन कामं केली, मग परीक्षा आल्या, तिलाही कंटाळा आला, आणि आम्ही ते बंद केलं. तेव्हा त्या तिसऱ्यांदा वर आल्या.

"सोडलं म्हणे."

"शाळा असते ना, मॅडम."

टेबलाशी गणितं करणाऱ्या जुईकडे त्यांनी बोट दाखवलं. "मग मला माइकवरून कशाला उठवलं?"

"आम्ही नाही उठवलं तुम्हाला."

"माहीत आहे," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. त्यानंतर आमच्याशी बोलणं बंद. खिडकीही बंद असायची.

उन्हाळ्यात त्यांनी घर विकलं. नावड्याला भावाकडे जाणार, हे आम्हाला वॉचमनकडून कळलं. टेम्पोत सामान चढलं तेव्हा त्या ड्रायव्हरशी सामानातल्या आरशावरून भांडत होत्या. जुई खाली धावली आणि टेम्पोच्या दाराशी जाऊन नुसती उभी राहिली. मॅडमनी पर्स उघडली, गळ्यासाठी जवळ ठेवायच्या त्या खडीसाखरेचा एक खडा तिच्या हातावर ठेवला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चला, काय बघताय?"

टेम्पो कोपऱ्यावरून वळेपर्यंत जुई उन्हात उभी होती. वर आली तेव्हा तिची मूठ अजून मिटलेलीच होती आणि बोटांच्या फटी चिकट झाल्या होत्या.