दाजींचा डावा अंगठा

दापोडीच्या आमच्या चाळीत कुणी कारखान्यातून हातपाय बांधून परतला की बाकीचे विचारत, "फार लागलं का?" आमचे दाजी विचारत, "सही केलीस का?" तो बिचारा कळवळत असायचा आणि हे त्याच्या उशाशी बसून, "कशावर केलीस? कुनी सांगितली? वाचून दाखिवली का?" अशी चौकशी चालवायचे. सही केलेली नसली तर म्हणायचे, "मग निम्मं दुखनं बरं झालं."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान, केरबा. पन्नास सालानंतर पिंपरीच्या माळावर कारखाने उगवू लागले, तेव्हा ते साताऱ्याकडून आले आणि पत्रे कापायच्या प्रेसवर लागले. त्याच कारखान्यात मी टाइमकीपर होतो. कोण किती वाजता आला हे लिहायचं आणि आपण कधी आलो हे कुणाला कळू द्यायचं नाही, असं ते जबाबदारीचं काम. घराण्यातला पहिला मॅट्रिक म्हणून मला मान फार. तो कसा घालवला, ते सांगतो.

प्रेसच्या तोंडाशी एक लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. खंडेनवमीला यंत्राची पूजा करताना जाळीमुळे हळदकुंकू नीट लागेना, तेव्हा फोरमननं ती काढली. पूजा झाली, पेढे वाटले, आणि जाळी भिंतीवरच्या खिळ्याला तशीच राहिली. कारण तिच्याशिवाय माल भराभर निघतो असं आढळून आलं. दिवाळीच्या आत दाजींचा हात प्रेसखाली गेला. कारखान्यानं उपाय ताबडतोब केला, यंत्रापुढे नारळ फोडला. जाळी खिळ्यालाच होती, सुकलेल्या झेंडूसकट.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं आणि माझ्याच सुवाच्य अक्षरात एक कागद लिहून घेतला, 'चूक माझी होती. मी भरपाई मागणार नाही.' मग म्हणाले, "तुमचे नातेवाईकच आहेत. अंगठा घेऊन या." नात्याचे असेही उपयोग असतात.

मी पुण्याला इस्पितळात गेलो. दाजींचा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होता. अक्कानं चहा दिला. दाजी म्हणाले, "पाव्हणं, आमच्यापायी खाडा केला व्हय?" मी हो म्हणालो. कागद काही खिशातून निघेना. तो काढायला भ्यालो आणि अंगठ्यावाचून साहेबांपुढे जायलाही भ्यालो. दोन्हीकडून भ्यालेला माणूस फार कल्पक होतो. शिवाजीनगर स्टेशनच्या बाकावर बसून मी साहेबांनी बरोबर दिलेल्या शाईच्या डबीत माझाच डावा अंगठा टेकवला आणि कागदावर उमटवला. पुरुषाचा डावा अंगठा घ्यायचा, हा नियम कारखान्यात राहून तोंडपाठ झाला होता. दाजींची नेमकी कुठली बोटं गेली, हे मात्र मी विचारलं नव्हतं. चहात साखर जास्त झाल्याचं तेवढं सांगितलं होतं.

दाजी घरी आले ते दावा लावायचं ठरवूनच. शेजारच्या खाटेवरच्या गिरणीकामगारानं त्यांना सगळं समजावलं होतं. अक्का घाबरली. "साहेबाशी वैर नको. कामावरनं काढतील."

"आगं, ह्या हातानं आता कुठलं काम हुतंय? हे भीक मागनं न्हाई. कामावर लागलं की चूक कुनाची ह्ये कायदा बगत न्हाई. बोटाबोटाची यादी हाय त्यात. माझा डावा अंगठा केवढ्याचा ह्ये सरकारला म्हाईत हाय, मलाच म्हाईत नव्हतं."

डावा अंगठा. मी तिथंच भाकरी खात बसलो होतो. माझा डावा अंगठा मी मुठीत मिटून घेतला. कागद एव्हाना साहेबांच्या कपाटात होता. तो खरा ठरला तर अक्काची चूल विझणार आणि खोटा ठरला तर माझी. यातलं काय बरं, याचा मी महिनाभर विचार केला, हे इथं लिहायला फारसं भूषणावह नाही.

भरपाईच्या आयुक्तांपुढे सुनावणी झाली. कारखान्याच्या वकिलानं कागद पुढे केला. आयुक्तांनी विचारलं, "हा अंगठा तुमचा?"

दाजींनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि बराच वेळ पाहिला. ठशाच्या मधोमध एक तिरकी पांढरी रेघ होती. अक्काच्या लग्नात आंब्याचे टहाळे तोडताना माझ्या अंगठ्यावर कोयता बसला होता आणि नवरदेवानंच आपल्या उपरण्याची चिंधी फाडून तो बांधला होता. दाजींनी कागद खाली ठेवला आणि शेजारी आपला डावा हात ठेवला. चार बोटं.

"साहेब, कागदावर तारीख दुसऱ्या दिसाची हाय. माझा अंगठा आदल्या दिशीच प्रेसखाली ऱ्हायला. तिथनं उठून तो ठसा द्यायला आला आसंल, तर त्याला हितं बोलवा. माझंबी काम हाय त्याच्याकडं."

आयुक्त हसले नाहीत. "मग हा कोणाचा?"

मॅनेजर माझ्याकडे बघत होते, वकील माझ्याकडे बघत होते आणि मी छताकडे.

"माझा न्हाई, एवढंच लिवा," दाजी म्हणाले. "फुडचं आमच्या घरातलं हाय."

हे ऐकून गप्प बसायला मॅट्रिकच्या वरचं शिक्षण लागत असावं. मी उठलो आणि म्हणालो, "माझा आहे."

आयुक्तांनी ते लिहून घेतलं, चष्मा पुसला आणि सांगितलं की कामगारानं भरपाईचा हक्क सोडल्याचा कागद कायद्यानं मुळातच रद्द असतो. अंगठा अस्सल असता तरी त्याचा उपयोग नव्हता. म्हणजे मी इमान विकलं तेही रद्दीसाठी. दाजींना भरपाई मिळाली. माझी नोकरी त्याच आठवड्यात गेली. माझ्यावर खटला झाला नाही, कारण मग साहेबांचंही नाव घ्यावं लागलं असतं.

त्या रविवारी दाजींनी बोलावलं. वाटलं, आता बोलतील. पुढ्यात कायद्याचं एक जुनं पुस्तक होतं. "वाचा," म्हणाले, "मला समजंस्तवर." तेवढीच शिक्षा, पण दर रविवारी. हळूहळू चिंचवड-भोसरीहून पट्ट्या बांधलेली माणसं येऊ लागली. दाजी विचारायचे, मी अर्ज लिहायचो. कुणी माझ्याकडे बोट दाखवलं तर ओळख करून द्यायचे, "हे आमचे पाव्हणे. अंगठ्याच्या कामात लई हुशार." चार-पाच वर्षं हे ऐकलं.

मग दाजींच्या पोटाचं दुखणं निघालं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी संमतीचा कागद माझ्यापुढे केला. घाईनं पेन उचललं, तोच खाटेवरून बारीक आवाज आला, "वाचलं का?"

डॉक्टर घड्याळाकडे बघत राहिले आणि मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. दाजींनी मधेच एका शब्दाचा अर्थ विचारला, तो डॉक्टरांना सांगावा लागला. मग त्यांनी मान हलवली.

"आता हुं द्या. आन् पाव्हणं, अंगठा नगा. सही करा."

सही केली. दाजी त्या ऑपरेशनमधून उठले नाहीत. पण त्या कागदावर सहीखाली नात्याचा रकाना होता. तिथं 'मेव्हणा' लिहिताना हात अडला. मी लिहिलं, 'घरातला'.