नाक आणि विमा
स्पिरिटचा वास आला की मला नौपाड्यातलं ते विम्याचं ऑफिस आठवतं. नाकावरचा कॅन्सरचा डाग काढून डॉक्टरांनी तिथे नवी कातडी बसवली होती आणि नेमका तो खर्च कंपनीने नाकारला. मी बायकोला घेऊन भांडायला गेलो. "काका, कातडी बसवणं म्हणजे सौंदर्यासाठी केलेली सर्जरी," काउंटरवरची मुलगी म्हणाली. माझं डोकंच फिरलं. नाकावरची स्पिरिटच्या वासाची पट्टी काढून मी अख्ख्या रांगेला विचारलं, "सांगा, सुंदर दिसतोय मी?" आवाज ऐकून मॅनेजर बाहेर आला. "काकू, काका आधी कसे दिसायचे?" त्याने विचारलं. "यापेक्षा बरे," बायको शांतपणे म्हणाली. आठवड्यात क्लेम पास झाला. निदान त्यानंतर तरी बायकोने आपला शब्द मागे घ्यायला हवा होता. अजून घेतलेला नाही.