बॅकेलाइटच्या मुठीची कट्यार

चष्म्याच्या दुकानात कोणी शिरलं की भिंगवाल्यांची नजर आधी त्याच्या नाकाकडे जायची, मग कानांकडे, आणि मग काखोटीला काही गुंडाळलेलं आहे का तिकडे. नाक-कान हा पोटापाण्याचा भाग. पण फडक्यात गुंडाळलेलं लांबडं काही दिसलं, की ते काउंटरची फळी उचलून माणसाला थेट मागच्या खोलीत न्यायचे आणि डोळे तपासायला आलेली मंडळी भिंतीवरच्या तक्त्याची अक्षरं आपापली वाचत बसायची.

खरं नाव होतं त्यांना, पण ते फक्त वीजबिलावर. डोळ्याला भिंग लावून जुन्या तलवारी आणि कट्यारी ओळखणारा हा माणूस सगळ्या रस्त्याला भिंगवाले म्हणूनच माहीत होता. मागच्या खोलीत दोन भिंतींना छतापर्यंत ड्रॉवर होते. एकात जावा बेटावरच्या नागमोडी कट्यारी. त्यांची वळणं नेहमी विषम असतात, हे ते येणाऱ्या प्रत्येकाला बोट लावून मोजायला लावत. दुसऱ्यात अरबस्तानातल्या, आकड्यासारख्या वाकलेल्या जंबिया. तिसऱ्यात एक आखूड जपानी तलवार. तिची मूठ काढून ते आत दडलेली पात्याची शेपटी दाखवत आणि दम भरत, की हा गंज पुसायचा विचार जरी मनात आणलात तरी पुन्हा दुकानात पाऊल टाकू नका, हा तिचा जन्मदाखला आहे. नव्याने नाद लागलेल्यांना त्यांचा धडा एकच असे. मुठीवरून पात्याची जात ओळखायची नाही, कारण माणूस जन्मभर एकाच सदऱ्यात राहत नाही आणि पातंही एकाच मुठीत राहत नाही. सगळ्यात खालचा ड्रॉवर खोट्यांचा होता. बाजारातल्या नकला, ॲसिड लावून म्हाताऱ्या केलेल्या. तो उघडताना भिंगवाल्यांना जरा जास्तच आनंद व्हायचा.

विद्या असावी, त्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नाही. पण विद्येभोवती ऐकणारे जमायला लागले की माणूस थोडाथोडा फुगतो, आणि फुगलेल्या माणसाला स्वतःच्या पायाखालचं दिसत नाही. भिंगवाल्यांचं तसं झालं, आणि तेही नेमकं सासुरवाडीला.

त्यांचे सासरे छत्तीस वर्षं एका कारखान्यात लेथ चालवून निवृत्त झालेले. बोटांच्या रेघांत तेल कायमचं मुरलेलं, बोलणं मोजूनमापून. स्वतःची मुलं लहान असताना त्यांच्या पाळ्या चालू असायच्या. मुलं जागी तेव्हा हे झोपलेले, नाहीतर कामावर. ती कसर त्यांनी नातवंडांवर भरून काढली. भिंगवाल्यांची दोन मुलं आणि मेहुण्याची मुलगी रविवारी जमली, की म्हातारा कपाटाच्या वरच्या फळीवरून एक कट्यार काढायचा आणि तिची गोष्ट सांगायचा. त्याच्या आजोबांच्या ओसरीवर एक परका धार लावणारा तापाने फणफणून आडवा झाला, तिथून ती सुरू व्हायची आणि आजीने त्या कट्यारीने भोपळा चिरायला घेतला, तिथे संपायची. शेवटाला तिन्ही पोरं दरवेळी तितकीच हसायची. मग म्हातारा कट्यार तेलाच्या फडक्याने पुसून परत वर ठेवायचा.

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला सगळं गणगोत जमलं होतं. जेवणं झाली, माणसं सैलावली, आणि मेहुण्याला हुक्की आली. घरात एवढा मोठा जाणकार जावई असताना बाबांची कट्यार एकदा तपासून का घेऊ नये, असं तो म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. सासऱ्यांनी ती आणून जावयाच्या हातात दिली आणि समोर स्टुलावर बसले. मुलं त्यांच्या गुडघ्यांना टेकून उभी राहिली.

भिंगवाल्यांनी खिशातून भिंग काढलं. पातं आरशासारखं चकचकीत होतं, जुन्या पोलादाची एकही खूण वर नव्हती. मूठ काळी, गोल, गुळगुळीत. त्यांनी ती नखाने खरवडली, वास घेतला. बॅकेलाइट, विजेच्या जुन्या बटणांचं ते काळं प्लास्टिक. मुठीत आडवा बसवलेला स्क्रूही यंत्रावर कापलेला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वीस-पंचवीस जण श्वास रोखून बघत होते, आणि असे बघणारे असले की भिंगवाल्यांची जीभ हातभर पुढे धावायची.

"बाबा, ही तुमच्या आजोबांच्या वेळची असेल तर तुमचे आजोबा अजून हयात असतील," ते म्हणाले. "फार तर चाळीस वर्षांचा माल आहे. असल्या मी ड्रॉवरभर ठेवल्यात."

घर हसलं. मेहुणा सगळ्यात मोठ्याने हसला. मुलांनी आधी आजोबांकडे पाहिलं, मग मोठी माणसं हसताहेत म्हणून तीही हसली. सासरे दोन क्षण जावयाकडे बघत राहिले. काहीतरी ओठांवर आलं होतं त्यांच्या, ते त्यांनी गिळलं. "असेल बुवा. तुमची नजर," एवढंच बोलून त्यांनी कट्यार फडक्यात गुंडाळली आणि आत नेली.

ती पुन्हा त्या फळीवर आली नाही. गोष्टही संपली. पुढचे एक-दोन रविवार पोरांनी हट्ट केला, तेव्हा म्हाताऱ्याने त्यांना पत्ते खेळायला बसवलं. उलट घरात एक नवाच शब्दप्रयोग रुजला: कोणी थाप मारली की "ही आजोबांची कट्यार दिसतेय" असं म्हणायचं. सासऱ्यांच्या कानावर तो जायचाच, घर काही एवढं मोठं नव्हतं. भिंगवाल्यांना तो इतका आवडला की ते दुकानातही वापरू लागले. नऊ वर्षांनी सासरे गेले, तोवर त्या घरात कट्यार म्हणजे थाप हे पक्कं झालं होतं.

सासूबाई मुलाकडे राहायला गेल्या तेव्हा जुन्या घराची आवराआवर झाली, आणि तुमच्या कामाची वस्तू म्हणून मेहुण्याने ती कट्यार भिंगवाल्यांकडे पाठवून दिली. त्यांनी ती सरळ खोट्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकली. वर्षभर ती तिथे पडून होती. एकदा दोन नवशिके आले, त्यांना बनावट मूठ कशी बसवतात ते उघडून दाखवावं म्हणून भिंगवाल्यांनी स्क्रू काढला आणि मूठ गरम पाण्यात धरली. आतला चिकटा सैल झाला. मूठ हातात आली, आणि भिंगवाले बोलायचे थांबले.

आतली शेपटी घणाने ठोकून काढलेली होती, वेडीवाकडी, टोकाकडे निमुळती. तिच्यावरचा गंज काळपट आणि दाट होता, शंभर-दोनशे वर्षांखाली असा गंज बसत नाही आणि ॲसिडने तर आणताच येत नाही. खाचांत जुन्या लाखेचे कण अडकले होते, म्हणजे याआधी वेगळी मूठ होती. त्यांनी नवशिक्यांना उद्या या म्हणून वाटेला लावलं, पुढचं दुकान बंद केलं, आणि पात्याचा बोटभर भाग साफ करून त्यावर पातळ ॲसिडचा बोळा फिरवला. चकाकी उतरली आणि खालून पोलादातलं पाणी, म्हणजे त्याची अंगचीच नक्षी, वर आली, बारीक, दाट लाटांची. असं पोलाद कुठलं, ते त्यांना भिंगाशिवायही समजलं असतं. जुनं इराणी पातं. आयुष्यभरात त्यांच्या हाताखालून गेलेल्या हजारेक पात्यांत याच्या तोडीची दोन नसतील.

चकाकीचं कोडंही आता सुटलं. छत्तीस वर्षं लेथवर घालवलेल्या माणसाला मळकट लोखंड बघवत नाही. म्हाताऱ्याने मायेने पॉलिश पेपर मारमारून त्या लाटा पुसून टाकल्या होत्या. त्याची एवढीच चूक होती. भिंगवाल्यांना मात्र मूठ काढून बघायला एक स्क्रू आणि वाटीभर गरम पाणी पुरलं असतं, आणि जो धडा ते जगाला देत होते तो स्वतःच्या सासऱ्याच्या वेळी त्यांना आठवला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

बायको डबा घेऊन आली तेव्हा ते तसेच बसले होते. "बाबा खरं बोलत होते," ते म्हणाले, आणि सगळं सांगितलं. ती ऐकत पात्याकडे बघत राहिली. रडेल असं त्यांना वाटलं, पण ती रडली नाही.

"मला काय सांगता," ती म्हणाली. "आईला सांगा. आणि सगळ्यांसमोर सांगा. तेव्हाही सगळे होतेच की."

तो आठवडा भिंगवाल्यांना जड गेला. खरं तर कोणाला कळलं नसतं. पातं गुपचूप वरच्या ड्रॉवरमध्ये गेलं असतं तर बघणारे वाहवाच करते. तसा विचार त्यांच्या मनात येऊन गेलाही. पण म्हाताऱ्याला थापाड्या ठरवून ठेवलं होतं ते त्यांनीच, आणि तो डाग दुसरा कोणी पुसणार नव्हता. रविवारी ते बायको-मुलांना घेऊन मेहुण्याकडे गेले. चहा झाल्यावर त्यांनी पातं आणि सुटी मूठ टेबलावर ठेवली आणि आडपडदा न ठेवता बोलले. मी चुकलो. ही कट्यार दोनशे वर्षांच्या आतली नाही. बाबांची मी सगळ्यांदेखत टिंगल केली, ती खोटी होती, बाबा खरे होते.

सासूबाईंनी मूठ उचलली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला.

"ही त्यांनीच कातली," त्या म्हणाल्या. "तुमची बायको पोटात होती माझ्या. कट्यार फळीवरून पडली आणि जुनी मूठ फुटली, शिंगाची होती. मग कारखान्यातल्या कसल्यातरी मोडक्या दांड्याची ही करून आणली."

"मग त्या दिवशी बोलले का नाहीत?" मेहुण्याने विचारलं.

"मीही तेच विचारलं. म्हणाले, एवढ्या माणसांत जावयाला खोटं पाडू? त्यांची तेवढीच तर कमाई आहे, नजर. एकटे असताना मुठीचं विचारतील, तेव्हा सांगेन." त्यांनी मूठ परत टेबलावर ठेवली. "बरेच दिवस वाट बघितली त्यांनी. तुम्ही दर रविवारी यायचात. मी म्हणायचे, आपणहून सांगा. तर म्हणायचे, मग तो वाद होतो."

सासरे गेल्यापासून भिंगवाले पहिल्यांदा रडले, आणि मुलांसमोर रडायची लाजही त्यांना वाटली नाही. बायकोने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

मेहुण्याची मुलगी आता कॉलेजात जात होती. तिने पातं हातात घेऊन उजेडाकडे धरलं. "आतोबा, मग ती गोष्टही खरी होती ना? तो धार लावणारा कोण होता? असलं पातं त्याच्याकडे कसं आलं? मला त्याचा ताप आठवतो आणि एकदम भोपळा आठवतो. मधलं काही आठवत नाही."

भिंगवाल्यांच्या मुलांनीही डोकं खाजवलं. धाकट्याला एक गाढव आठवत होतं. थोरला म्हणाला, गाढव नाही, होडी. मेहुण्याने आणि त्याच्या बहिणीने ती गोष्ट कधी ऐकलीच नव्हती. त्यांच्या लहानपणी बाबांना गोष्टी सांगायला सवड नव्हती, आणि मोठेपणी यांना ऐकायला.

"मी स्वयंपाकघरात असायचे," सासूबाई म्हणाल्या. "सुरुवात ऐकू यायची, मग भांडी आणि नळ, आणि शेवटी पोरं हसायची ते." मग त्यांनी भिंगवाल्यांकडे पाहिलं, अगदी साध्या आशेने. "तुम्ही तर तिथेच असायचात. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत. दर खेपेला."

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. भिंगवाल्यांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. खुर्ची आठवली, मांडीवर पसरलेला लिलावाचा कॅटलॉग आठवला, पोरांच्या दंग्यापासून हातभर दूर, आपल्याकडे ओढून घेतलेला वाचायचा दिवा आठवला. म्हाताऱ्याचा आवाजही आठवला, खालच्या पट्टीतला, संथ. पण त्या आवाजातला एकही शब्द परत येईना.

"होतो," ते म्हणाले. "पण मी कधी ऐकलीच नाही."