धारेखाली बसणारी आत्या

आत्या आपले हात कधीच लपवत नसे. कोपरापासून बोटांपर्यंत ते पांढरे पडले होते, ओठांच्या कडा आणि गळ्याचा थोडा भागही. नाचणगावात कोड हा शब्द लोक आवाज उतरवून उच्चारत. आत्या तो खणखणीत म्हणायची. लांब बाह्यांची पोलकी शिवून घे, हे सांगून आजी थकली. आत्याचं उत्तर ठरलेलं, "मले गरम होते. लोकाइले होत नसन त त्याइनं घालावी."

जमलेलं लग्न याच हातांपायी मोडलं आणि ती घरच्या लोखंडी सामानाच्या दुकानात बसू लागली. बाबा तिचे धाकटे भाऊ. ते तिला मागच्या गोदामात पाठवू पाहायचे, ती समोरच्या गादीवरून हलायची नाही. नवं गिऱ्हाईक टक लावून बघू लागलं की ती शांतपणे वाट बघे आणि मग विचारी, "पाहून झालं असन त खिळे सांगा. दीड इंची का दोन इंची?" गिऱ्हाईक हसलं तर तीही हसे. नाही हसलं तर खिळे तोलून देई आणि पुढच्याकडे वळे.

पोळा झाला की एक दिवस दुकानातून सुटी घेऊन ती धारेवर जायची. आर्वीच्या पुढे डोंगर लागतात. फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि नाल्याच्या पात्रातून तासभर चालायचं. दोन्ही बाजूंचे काळे कडे हळूहळू जवळ येतात, वर सागाची रुंद पानं, पायाखाली शेवाळलेले गोटे. शेवटी दरी इतकी अरुंद होते की डोक्यावर आभाळाची एक पट्टी उरते, आणि तिथं दोन पुरुष उंचीवरून पाणी पडतं. धबधबा म्हणायलाही संकोच वाटावा एवढंसं. आत्या चपला हातात घेऊन पुढे चालायची आणि मागे न बघता मला सांगायची, "गोट्यावर पाय देऊ नको. दोन गोट्याइच्या मंधात दे."

मी नववीत असताना पहिल्यांदा तिच्याबरोबर गेले. त्या दिवशी तिथं वर्ध्याचं एक कुटुंब आलेलं होतं. मुलं डोहात खेळत होती. आत्या सरळ जाऊन धारेखाली बसली. मुलांच्या आईनं तिचे हात पाहिले आणि ओरडली, "चला रे बाहेर! पाणी खराब झालं."

"बाई, पाणी वाहून राह्यलं," आत्या म्हणाली. "अन् कोड असं लागत नाई. डॉक्टराले इचारा."

ओल्या पोरांना टॉवेलात गुंडाळून सगळे निघाले. घाईत त्यांचा एक डबा दगडावर राहिला. "डबा राह्यला तुमचा!" आत्यानं दोनदा हाक मारली. बाई वळून बघेनात. मग आत्यानं डबा उघडला. आत आलूबोंडे होते. एक माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "खाय. यायले त कोड नाई."

मी हसून हसून खाली बसले. परतीच्या गाडीत आर्वी मागे पडल्यावर मात्र ती म्हणाली, "मले राग येत नाई असं समजू नको. लय येते. पण रागापायी मी माही धार काऊन सोडू?"

मी बावीस वर्षांची झाले तेव्हा मला बघायला पाहुणे येणार होते. आदल्या संध्याकाळी बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "बाई, उद्या बोरगाव मेघ्याले मावशीकडं जाऊन येजो. पोरीचा प्रश्न आहे."

आत्या माझ्याकडे वळली. "तू सांग. तू म्हणशील त जातो मी."

मी जमिनीकडे बघत राहिले. सकाळी पहिल्या गाडीनं ती गेली.

मुलाच्या आईनं चहा घेताना विचारलं, घरात कोण कोण असतं. बाबांनी सगळ्यांची नावं घेतली, तिचं घेतलं नाही. तेव्हा कुठे माझी जीभ हलली. "माझी आत्या आहे. तिला कोड आहे. आज तिला मुद्दाम बाहेर पाठवलंय." पाहुणे अगदी सभ्यपणे उठले. त्यांचा निरोप काही आला नाही. बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्याच दिवशी संध्याकाळी आत्या ओल्या वेणीनं परतली. बोरगावला गेलीच नव्हती, धारेवर जाऊन आली होती. ती जवळ घेईल या आशेनं मी सगळं सांगितलं.

"काल इचारलं तवा तोंडाले कुलूप होतं काय?" ती म्हणाली. मला रडू कोसळलं. ते थांबेपर्यंत ती बसून राहिली. "आज बोलली, बेस केलं. पण आत्यापायी मोडलं असं गावभर सांगू नको. तसं घर तुले नको होतं म्हणून मोडलं. तुहं तू सांभाळ, माहं मी पाहून घेईन."

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. वरमाईला कुंकू लावायला आत्या पुढे होती. मी तशी अट घातली होती, आणि या वेळी आधीच.

पुढे कोड तिच्या चेहराभर पसरलं. "आता एकसारखी झाली मी, झगडाच मिटला," म्हणायची. एका उन्हाळ्यात दुकानात बसल्या बसल्या ती गेली.

त्या वर्षी पोळ्यानंतर बाबांचा फोन आला. "मले त्या धारेवर ने." ती त्यांना दरवर्षी बोलवायची आणि ते दरवर्षी म्हणायचे, दुकान कोण पाहीन? नाल्यात ते दोनदा पडले. माझा हात त्यांनी घेतला नाही. वर कॉलेजची काही मुलंमुली मोबाइलवर फोटो काढत होती. बाबांनी सदरा काढून दगडावर ठेवला, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि धारेखाली जाऊन बसले.

"बाबाजी, सांभाळून! तिथं घसरते," एक मुलगी म्हणाली.

बाबांनी तोंडावरचं पाणी पुसलं. "माही मोठी बहीण इथं बसत होती," ते म्हणाले. "तिले कोड होतं. मी तिले लपवत होतो."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. बाबांना कोणी काही विचारलं नव्हतं. पाण्याच्या आवाजात ऐकू गेलं नसेल असं वाटून बाबांनी ते पुन्हा एकदा, आणखी मोठ्यानं सांगितलं.