शिगे मावशीच्या खोपटातली मोटरसायकल

नोबुएची सकाळ वर्षानुवर्षं एकाच वळणानं जात आली होती. गॅसवर मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप, शेजारी भात, आणि मागच्या उबदार खोलीतून येणारा नवऱ्याच्या लाकडी फावड्याचा आवाज. आत कोझो कोजी परतत असायचा. कोजी म्हणजे वाफवलेल्या तांदळावर चढवलेली पांढरी बुरशी, मिसोचं विरजणच म्हणा ना. तान्ह्या बाळासारखी तिची ऊब राखावी लागते. योकोते गावात ओदाशिमांच्या दुकानातली कोजी नोबुएच्या आजोबांपासून विकली जात होती, आणि ती बिघडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी ती मुळा किसत होती, तोच मागच्या दारावर टकटक झाली. ती चमकलीच. त्यांच्या गल्लीत दार कुणी वाजवत नाही. दार सरकवायचं, आत तोंड घालायचं आणि हाक मारायची, झालं. वाजवून येतो तो एक तर पोलीस, नाही तर नवा धर्म विकायला आलेला.

दारात शेजारची शिगे मावशी उभी होती. वय चौऱ्याऐंशी, डोक्याला रुमाल, हातात देवळाची पांढरी पुडी.

"मावशी, तुम्ही? आणि दार काय वाजवताय, आत या की."

"हळू बोल. तो आत आहे ना? त्याच्या कानावर नको जायला." मावशीनं पुडी तिच्या हातात कोंबली. "ताईत आहे. रस्त्यावरच्या अपघातापासून राखणारा. गाडीच्या हँडलला बांध म्हणावं. मला म्हणाला होता, मावशी, कुणाला कळू देऊ नका आणि तुम्हीही काही आणू नका. पण बाई, माणूस बोटीनं इतक्या लांब उत्तरेला जायचा आणि मी रिकाम्या हातानं बघत राहू? माझी सासू वरून शिव्या घालेल."

"कसली बोट?"

"अकिताहून सकाळी सुटते ना, गाड्या पोटात घालून नेणारी, तीच. पुढे अख्खं होक्काइडो उभं चढायचं, आणि टोकाला गेलं की दुसरी बोट, रिशिरी बेटाची. त्यानं नकाशासुद्धा दाखवला मला. मला काय कळतंय त्यातलं." मावशीचं लक्ष नोबुएच्या तोंडाकडे गेलं आणि ती थांबली. "तुला ठाऊक आहे ना गं?"

 नोबुएच्या हातातल्या किसणीतून मुळ्याचं पाणी पायावर गळत होतं.

"मी काही बोललेच नाही हं," मावशी म्हणाली. "ताईत मी माझ्यासाठी आणला होता."

"तुम्ही गाडी चालवता?"

"शिकेन आता."

दुसरी कुणी असती तर हसली असती. नोबुए एप्रनसकट, अंगणातल्याच चपला पायात घालून मावशीच्या मागोमाग तिच्या खोपटात गेली. भाताच्या रिकाम्या पोत्यांमागे निळी ताडपत्री होती. मावशीनं ती उचलली. खाली मोटरसायकल उभी होती. नवीकोरी नव्हती, पण पुसून पुसून आरशासारखी केलेली. दोन्ही बाजूंना पेट्या, वर गुंडाळून ठेवलेला पावसाळी डगला, आणि दोरांची दोन भेंडोळी. बोटीवर गाड्या बांधायला माणसं असतात. तरी दोर आपले आपण नेणार, हा मनुष्य कोझोच. त्यात शंकाच नको.

"कधीपासून आहे ही इथे?"

"बर्फ वितळलं तेव्हापासून. दर बुधवारी येतो. नदीकाठानं फिरवून आणतो, पुसतो, झाकतो."

"बुधवारी ते कंबरेच्या डॉक्टरांकडे जातात."

"कंबर तर चांगली ठणठणीत आहे की त्याची," मावशी म्हणाली, आणि मग तिनं तोंडावर हात ठेवला.

दर बुधवारी संध्याकाळी नोबुए त्याची कंबर गरम कपड्यानं शेकत होती. तो मुकाट्यानं पालथा पडून शेकून घ्यायचा. वर "बरं वाटलं" असंही म्हणायचा.

ती पोत्यावरच बसली.  कोझोनं तिच्यापासून काही लपवलं असेल हे तिला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. माणूस तसा नव्हताच. रिशिरीवरच्या एका कोंबूवाल्या घरातला हा धाकटा, तिसरा मुलगा. समुद्रातल्या त्या खायच्या शेवाळाची लांबरुंद पानं काढायची, वाळवायची, विकायची, एवढंच त्या घराला ठाऊक. अठराव्या वर्षी तो हिवाळ्यापुरता म्हणून यांच्या दुकानात कामाला आला आणि नोबुएच्या बाबांनी त्याचे हात हेरले. बाबांना मुलगा नव्हता. त्यांनी त्याला घरजावई करून घेतलं, रीतीप्रमाणे आपलं नाव दिलं. हामादाते कोझोचा ओदाशिमा कोझो झाला. दुकानाच्या पाटीला साजेसा, आवाज न करणारा. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "ओदाशिमांचा जावई म्हणजे गाय आहे गाय." नोबुएला त्यात कौतुकच वाटायचं.

आणि ही गाय दावं सोडून निघाली होती. गल्लीच्या टोकाच्या न्हाव्याची बायको गेल्या वर्षी अशीच हसत सांगत होती, हे मासे पकडायला गेलेत म्हणून. त्या गृहस्थांच्या जागी घटस्फोटाचा कागद आला. घरजावई जन्मघरी निघतो, तेही चोरून, तेव्हा तो फिरायला निघतो की कायमचा? नोबुएला एवढंच कळायला हवं होतं. बाकीचं मागाहून कळलं तरी चाललं असतं.

ती घरी आली. कोझो उबदार खोलीत होता, डोक्याला पंचा, कोपरापर्यंत हात तांदळात. गुठळ्या फोडायचं काम मधेच सोडता येत नाही. तिनं ताईत फळीवर ठेवला.

"शिगे मावशीनं दिलाय."

त्यानं ताईताकडे पाहिलं. हात चालूच होते. "बाईला बजावलं होतं मी."

"कंबर कशी आहे?"

"बरी आहे."

"बुधवारची?"

हात थांबले. खोलीत नुसता कोजीचा गोडसर वास राहिला. "चालवायला शिकायला जात होतो," तो म्हणाला. "लायसन्स तरुणपणीचं आहे, पण पाय विसरले होते."

"आणि मी शेकत होते."

"त्यानं बरं वाटायचंच. दिवसभर गाडीवर बसलं की कंबर दुखते." मग तो चाचरत म्हणाला, "गल्लीत कळलं असतं तर निरोपाची म्हणून घरटी एकेक वस्तू आली असती. येताना तेवढ्या सगळ्यांना भेटी आणायच्या. दुचाकीवर कुठं बांधू?"

"गल्लीचं ठीक आहे. मी गल्ली आहे का?"

त्यानं तांदळातली आणखी एक गुठळी फोडली.

"परत येणार आहात की नाही, तेवढं सांगा."

आता हादरायची पाळी त्याची होती. तो तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे काय? कोजी कोण बघणार?"

"कोजीचं नाही विचारत मी."

"येणार," तो म्हणाला. "इथं सगळं आहे माझं. दादा तेवढा तिकडे रिशिरीला आहे." त्यानं हातावरचे दाणे झटकले. "शरदात कोंबूचा भारा आला होता, आठवतं?"

"आठवतं की. वहिनींना आभाराचा फोन केला होता. मिसोची पेटीही पाठवली."

"भाऱ्याची गाठ दादाची नव्हती. दादा दोर डावीकडून घेतो, लहानपणापासून. ही दुसऱ्याच कुणाच्या हातची होती."

"पण वहिनी म्हणाल्या सगळं ठीक आहे. हवापाण्याचं बोललो आम्ही, पुष्कळ वेळ."

"ओदाशिमांच्या मालकिणीला आणखी काय सांगणार त्या?"

नोबुएला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. दर वर्षी न चुकता फोन, दर वर्षी पेटी, रीतभात कशी चोख. आणि त्या घरातलं माणूस धड आहे की अंथरुणाला खिळलंय, हे तिला कळलेलंच नव्हतं. कळायला वाटच ठेवलेली नव्हती.

"वडील गेले तेव्हा मी तुझ्या बाबांबरोबर गेलो होतो," कोझो सांगू लागला. इतकं सलग बोलताना तिनं त्याला क्वचितच ऐकलं असेल. "काळा सूट घालून. दादानं मला पाहुण्यांच्या रांगेत बसवलं, चांगली गादी घालून. समोर येऊन कपाळ चटईला टेकवलं आणि म्हणाला, दूरवरून येण्याची तसदी घेतलीत. ज्यानं मला पोहायला शिकवलं, ज्याच्या हातचा मार खाल्ला, तो. मला वाटलं, पायाखाली जमीनच नाही. मग सगळे प्रेताभोवती बसले आणि मी तिकडे गादीवर, तुझ्या बाबांशेजारी. तेव्हापासून फोनवरसुद्धा तो तसंच बोलतो."

"म्हणून मोटरसायकल? आगगाडी आहे, विमान आहे."

"आगगाडीनं निघालो की तू सूट काढून देशील. मिसोच्या पेट्या बांधून देशील. म्हणजे परत ओदाशिमांचे मालक आले." त्यानं पंचा काढून कपाळ पुसलं. "जुलैत पहाटे बंदरावर कोंबू काढायच्या परवानगीचा झेंडा चढला की होड्या सुटतात. ओला कोंबू दगडांवर पसरायला घरातलं मांजरसुद्धा कामाला लागतं, ऊन आहे तोवर उरकावं लागतं सगळं. नेमकं त्या वेळी पोचायचं. कुणी काही विचारायच्या आत पसरायला लागायचं. दोन्ही हातांत ओलं पान असलं की माणसाला वाकून नमस्कार करता येत नाही."

"आणि दादा किनाऱ्यावर नसले तर?"

"तर आत जाऊन बघीन. कोंबूच्या वासाच्या कपड्यांनी."

नोबुए उठली. तिचे हात आपल्या सवयीनं कामाला लागले होते. माणूस एवढ्या लांब निघालाय, तर तिकडे अंथरूण घातलेलं हवं, आंघोळीचं पाणी हवं. दादा आजारी असतील तर त्यांना मऊ काय चालतं ते विचारायला हवं. "मी वहिनींना आत्ताच कळवते," असं पुटपुटत ती बाहेरच्या पडवीत फोनपाशी गेली. तिला तो नंबर पाठ होता. तिनं रिसीव्हर उचललासुद्धा.

कोझो मागून आला. हातांना तांदूळ चिकटलेला, तसाच. या घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण वाटीत सूप कमी पडलं तरी वाटी पुढं न करणारा माणूस तो. दारात उभा राहून त्यानं दोनदा घसा खाकरला.

"नोबुए, एक मागू?"

ती रिसीव्हर हातात धरून वळली.

"तिकडे फोन करू नकोस. कळलं की दादा पुन्हा गादी घालील."