न लागलेलं दही

आमच्या घरात दुधाची पिशवी पहिल्यांदा आली, तेव्हा सासूबाईंनी ती पदराखाली झाकून आत नेली. गोठ्यात गाय उभी आणि घरात पिशवीचं दूध, हे शेजारणींना दिसलं तर त्या काय म्हणतील, याची त्यांना काळजी. गाय सात महिन्यांची गाभण होती आणि मी तिला आटवायला घेतली होती, म्हणजे व्यायच्या आधी दोन महिने दूध पूर्ण बंद.

मागच्या गाईच्या वेळी आम्ही हे जमेल तसं केलं होतं. कधी धार काढायची, कधी नाही. ती भाकड असतानाच तिच्या कासेला दगडी झाली. कास सुजून कडक झाली आणि व्यायल्यावर ती तीन सडांवरच राहिली. आताची गाय तिचीच कालवड. सासूबाईंनी तिला लहानपणी बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. हिचे चारही सड शाबूत राहायला हवेत, यावर आमच्या दोघींचं एकमत होतं. कसे राहतील, यावर नव्हतं.

मी डॉक्टरांना विचारून सगळं कागदावर उतरवलं आणि कागद गोठ्याच्या दाराला चिकटवला. पेंड बंद. शेवटची धार पूर्ण काढायची, चारही सडांत औषधाची ट्यूब सोडायची, सड औषधात बुडवायचे. पुढे कास तटतटेल, पण हात लावायचा नाही. दूध आतल्या आत जिरतं आणि सडाचं तोंड बंद होतं. गाईखाली अंथरलेलं ओलं पाचट रोज बदलायचं, खाली चुना टाकायचा. नवऱ्यानं कागद वाचला, शाळेत परत आल्यासारखं वाटतंय म्हणाला आणि गाडीला किक मारून कुपवाडला कामावर गेला.

कास तटतटली तशा सासूबाई गोठ्यातून हलेनात. तुझं माहेर कराडच्या पेठेतलं, तुला जनावराचं दुखणं काय कळणार, असं त्यांनी मला दोनदा सुनावलं. मी कागदाकडे बोट दाखवलं. मग त्या गप्प झाल्या. तिथेच मला शंका यायला हवी होती.

त्यानंतर आमचं दही लागेना. सकाळी भांड्यात नुसतं पाणचट दूध. सासूबाईंनी आधी पिशवीला नावं ठेवली, मग विरजणाला. शेजारून नवं विरजण आणलं, भांडं कणगीतल्या ज्वारीत पुरून ठेवलं. तरी तेच. मी मात्र एका वाटीत त्याच पिशवीचं दूध वेगळं विरजलं. ते सुरीनं कापावं असं लागलं. म्हणजे दोष पिशवीत नव्हता, सासूबाईंच्या भांड्यात आणखी काहीतरी होतं. मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. सडातलं औषध दुधात उतरलं, तर विरजणही मरतं.

मी तडक गोठ्यात गेले. कासेचे तीन भाग तटतटलेले, मागचा उजवा मऊ.

"आत्या, धार काढली?"

सासूबाई चुना पसरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एकाच सडाची काढली. बाकीच्या तिनास्नी तुझाच नियम हाय."

तो सड जास्त ठणकत असणार, असं त्यांना वाटलं होतं. काढलेलं दूध ओतून द्यायला जीव होईना, म्हणून ते दह्याच्या भांड्यात. नशीब, दही लागलं नाही म्हणून कुणी खाल्लं नाही. त्यांची दया मला कळत होती, पण बंद होऊ घातलेलं सडाचं तोंड त्या रोज उघडत होत्या. मागच्या गाईचा सड असाच गेला, हे मी सांगितलं तेव्हा त्या चुन्याचं घमेलं घेऊन तिथेच खाली बसल्या. तेव्हाही तो सड त्यांनीच धार काढून मोकळा केला होता.

डॉक्टर आले. आत अजून बिघडलेलं नव्हतं. त्या सडात पुन्हा ट्यूब सोडायची ठरली, तशा सासूबाई त्यांना म्हणाल्या, "आवं डाक्टर, हात धुतलं न्हवं?" त्यांनी धुतले होते. त्यांना पुन्हा धुवावे लागले.

तेव्हापासून गोठा सासूबाईंच्या ताब्यात गेला. पाचट माझ्या आधी बदललेलं असायचं. शेजारीण कास बघून हळहळली, की तिला दारावरचा कागद दाखवायच्या. त्यांना स्वतःला वाचता येत नाही, तरी बोट बरोबर ओळीवर.

गाय व्यायली, कालवड झाली. पहिला चीक काढायला मी बसले, तर सासूबाई चुलीवरचा काळा तवा घेऊन आल्या. दगडीची गुठळी असेल तर काळ्यावर दिसते, हे त्यांनी डॉक्टरांकडून काढून घेतलं होतं. तीन सडांची धार तव्यावर पडली, स्वच्छ पिवळी. मागच्या उजव्याला मी हात घातला. तो आधी नुसताच ओला झाला. मग धार आली, दाट, सरळ, एकही गुठळी नाही.

सासूबाईंनी तवा उजेडाकडे तिरका करून नीट पाहिला.

"ह्यो सड मी आधीपास्नं जपला व्हता," त्या म्हणाल्या.

मी तवा भाकरीआधी दोनदा घासून घेतला.